गप्प केलेल्या ओळी

दुसऱ्या कुणी लिहिलेला प्रोजेक्ट हातात आला की मी रीडमी वाचत बसत नाही. टर्मिनल उघडतो आणि सगळ्या फाइल्समध्ये ‘ईएसलिंट-डिसेबल’ शोधतो. ईएसलिंट हे जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका दाखवणारं टूल आणि ही त्याचे नियम बंद करणारी कॉमेंट. आधीच्या मंडळींनी त्याचं तोंड कुठे कुठे दाबलंय, ते लगेच कळतं.

परवा अशीच एक ओळ सापडली. रिअ‍ॅक्टच्या यूज-इफेक्टमध्ये ग्राहकाचा आयडी वापरून बिलं मागवली होती, पण काय बदललं की ती पुन्हा मागवायची, ते सांगणारी डिपेंडन्सीची यादी रिकामी. ईएसलिंट कुरकुरणारच. कुणीतरी वर कॉमेंट टाकून त्याला गप्प केलं होतं. कारण काही लिहिलेलं नाही. दुसरा ग्राहक निवडला की वर नाव बदलायचं, खाली बिलं मात्र पहिल्याचीच!

निकोलस झाकास यांनी २०१३ मध्ये ईएसलिंट सुरू केलं. त्याआधीच्या जेएसलिंटमध्ये ते लिहिणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांचे स्वतःचे आग्रह फार. झाकास यांनी प्रत्येक नियम सुटा ठेवला. हवा तो लावा, नको तो काढा. मला हे पटतं, कारण काही निर्णय टूलने घेऊच नयेत. जावास्क्रिप्टमध्ये दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर रिकामी स्ट्रिंग आणि शून्य सारखेच ठरतात. म्हणजे फॉर्ममध्ये सवलतीची चौकट कोरी सोडली काय आणि शून्य भरलं काय, कोडला फरक कळत नाही. ईएसलिंट ही जागा दाखवतं. ‘फिक्स’ दिलं तरी तिसरं चिन्ह मात्र सहसा स्वतःहून घालत नाही, कारण त्याने प्रोग्रॅमचं वागणंच बदलू शकतं. तिथे आपणच डोकं चालवायचं.

वॉर्निंग कुणी वाचत नाही, हा माझा अनुभव. म्हणून सीआयमध्ये ‘मॅक्स-वॉर्निंग्ज’ शून्यावर ठेवतो. एकही निघाली की बिल्ड पडतो. जुन्या प्रोजेक्टवर असं एकदम केलं तर हजारो चुकांची यादी येते आणि टीम संध्याकाळपर्यंत टूलच काढून टाकते. त्यावर ईएसलिंटमध्ये २०२५ मध्ये आलेल्या सोयीने जुन्या चुका एका फाइलीत बाजूला ठेवता येतात आणि अडवलं जातं ते फक्त नव्यांना.

नियम बंद करायला माझी हरकत नाही. पण त्याच कॉमेंटमध्ये दोन डॅश देऊन कारण लिहायची सोय आहे, ती वापरायची. ‘समोरच्या एपीआयची फील्डची नावं अंडरस्कोरवालीच येतात’, हे चालतं. ‘सध्यापुरतं’ असं लिहिलेलं रिव्ह्यूला आलं की मी परत पाठवतो.