मोठा टर्बो कीं योग्य टर्बो?

मोटारीच्या वेगाचा विषय निघाला कीं आमच्या वयाच्या मंडळींनीं कपाळाला आठ्या घालाव्या आणि तरुणांनीं माना फिरवाव्या, असा घरोघरचा शिरस्ता आहे. परंतु नुसत्या निषेधानें कोणी शहाणें होत नाहीं. ज्या वस्तूचा निषेध करावयाचा ती आधीं समजून घ्यावी. आमच्या पुतण्याच्या मोटारीचा टर्बोचार्जर गेल्या पावसाळ्यांत निकामी झाला आणि नवा कोणता घ्यावा हा प्रश्न घरांत उभा राहिला. त्या निमित्तानें आम्हांस जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

टर्बोचार्जर ही कांहीं जादू नव्हे. इंजिनांतून जो तप्त धूर बाहेर पडतो त्याच्या जोरानें एक चक्र फिरतें. त्याच आंसाच्या दुसऱ्या टोकास बसविलेलें चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनांत लोटतें. हवा अधिक म्हणून इंधन अधिक जाळतां येतें, आणि इंधन अधिक म्हणून शक्ति अधिक. वायां जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याच्या या युक्तीचें पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें 1905 सालीं घेतलें. प्रवासी मोटारींत ती 1962 सालीं अमेरिकेंत आली. लहान मोटारींतील हीं चक्रें मिनिटास दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊं शकतात, आणि पेट्रोलच्या इंजिनांत धुराकडील बाजू 900 अंश सेल्सिअसच्याही वर तापते. एवढ्या वेगानें फिरणाऱ्या आंसाला आधार कशाचा? तेलाच्या एका पातळ थराचा!

म्हणून पहिला प्रश्न ‘नवा कोणता’ हा नव्हे, ‘जुना कां गेला’ हा होय. निदानावांचून औषध देणारा वैद्य आपण घरांत येऊं देत नाहीं. मोटारीलाही तोच न्याय लावावा. पुतण्याची मोटार जुनी विकत घेतलेली. आधींच्या मालकानें इंजिनाच्या संगणकांतील मांडणी बदलून हवेचा दाब वाढवून घेतला होता. एका गॅरेजांत आंस हलवून पाहिला, तो डुगडुगत होता. आणि लगेच सल्ला मिळाला कीं बदलायचाच आहे तर याहून मोठा बसवा. चिपळुणाच्या एका वयस्क मिस्त्रींनीं मात्र तेल नेणारी बारीक नळी सोडवून दाखविली. आंत जळलेल्या तेलाचा काळा थर बसून वाट अर्धी बुजली होती. ती तशीच ठेवून नवा टर्बो जोडला असता, तर तोही त्याच मार्गानें गेला असता. नळी, तेल, तेलाची व हवेची गाळणी हीं सारीं नव्याबरोबर बदलावीं आणि तुटक्या चक्राचा तुकडा हवेच्या मार्गांत राहिला नाहीं ना, हेंही पाहावें.

दुसरा प्रश्न हवेच्या हिशेबाचा. उत्पादक अशा चक्रांचे नकाशे तयार करतात: आडवी हवेची आवक, उभें दाबाचें प्रमाण. त्यावरील वळसे पाहून आम्हांस भूगोलाच्या तासाला शिकविलेल्या समोच्चरेषा आठवल्या. मधल्या टेकडीवर चक्राची कार्यक्षमता सर्वांत अधिक. डावीकडील सीमा ओलांडली कीं दाबलेली हवा उलटून चक्रावर आदळते. उजवीकडील सीमेपलीकडे चक्र कितीही फिरविलें तरी हवा वाढत नाहीं, उष्णता मात्र वाढते. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारें 14.7 किलो हवा लागते. 150 अश्वशक्तीला मिनिटास सुमारें 7 किलो हवा पुरते. 30 अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली, तर 70 टक्के कार्यक्षमतेच्या चक्रांतून ती 125 अंशांच्या आसपास तापून निघते. तिला थंड करणारा इंटरकूलर, इंधनाचे फवारे, क्लच आणि ब्रेक हे सर्व वाढीव भार सोसतील, तरच मोठ्या टर्बोला अर्थ.

पुतण्यापुढें तीन पर्याय होते: मूळ मापाचा नवा टर्बो, जुनें कवच ठेवून आंतील फिरता भाग तेवढा नवा, किंवा मोठ्या चक्राचा टर्बो. त्याचें मन अर्थातच तिसऱ्यावर. परंतु लोट्याहून खेडास जावें तर भोस्ते घाट, चिपळुणास जावें तर परशुराम घाट, आणि महामार्गावर आमच्या औद्योगिक वसाहतीचे टँकर. मोठें चक्र जड, तें वेग घेण्यास वेळ लावतें. टँकर ओलांडतांना पाय दाबावा, शक्ति क्षणभर येऊंच नये आणि मग वळणावर एकदम यावी, हा प्रसंग जिवावरचा आहे. शर्यतीच्या बंद मार्गावर हें खपेल, घाटांत नाहीं.

कायद्याचेंही पाहावें लागतें. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम नोंदणीपत्राशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करतें. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास, 2019 च्या दुरुस्तीनें, दर फेरफारामागें 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊं शकतात. शिवाय विमा कंपनीपासून फेरफार लपविला, तर अपघातानंतर भरपाईचा वाद उभा राहतो.

खर्च घराच्या छपरासाठीं ठेवलेल्या पैशांतून व्हावयाचा होता. वडीलबंधूंनीं एका वाक्यांत निकाल दिला, “विकून टाक ती गाडी.” मुलगा जेवणावरून उठूं लागला. आम्हीं त्यास बसविलें आणि विचारलें, “तुला ही शक्ति कशासाठीं हवी?” बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “काका, रोज घाट चढून कामावर जातों. चढावर गाडीनें लगेच उत्तर द्यावें, एवढेंच.” “मग तेवढ्यापुरताच नकाशा पाहा,” आम्ही म्हणालों. दोन रात्री कागद घेऊन बसल्यावर त्यानें स्वतःच मूळ मापाचा टर्बो निवडला. जुन्या कवचाला आंतून चक्राचे ओरखडे पडले होते, म्हणून दुसरा पर्याय गळाला. संगणकांतील मांडणीही त्यानें पूर्ववत् करून घेतली. वडीलबंधूंनीं पैसे काढून दिले, छपराचें काम एक वर्ष पुढें गेलें.

क्षेमेंद्रानें औचित्य हें काव्याचें जीवित मानलें. अलंकार कितीही मोलाचा असो, तो अस्थानीं घातला कीं हसेंच होतें. यंत्राचेंही तसेंच आहे. घरांतील वडीलधाऱ्यांना आमची एवढीच विनंति कीं, मुलांनीं नवी वस्तु मागितली असतां ‘कशाला हवी?’ म्हणून तोंड बंद करूं नये, ‘कशासाठीं हवी?’ असें विचारून उत्तराची वाट पाहावी. पहिल्या प्रश्नानें मुलें आपल्यापासून लपवूं लागतात, आणि लपवून बसविलेला टर्बो घाटांत आपला उपदेश ऐकण्यास थांबत नाहीं.