एकट्याने घोडा हाताळताना

दरवर्षी ज्येष्ठात चिकोडी तालुक्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीकडे प्रस्थान ठेवतात. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली सुरू केलेल्या पालखी सोहळ्यातील हा आपल्या सीमाभागाचा मान. सुमारे ३०० किलोमीटरची ही वाट अश्व पायीच कापतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्या, माउलींच्या अश्वावर कोणीच बसत नाही. रिंगणात तो दौडतो तेव्हा सर्वांची दृष्टी त्या रित्या पाठीकडे असते. आमची मात्र आता त्याच्या भोवतालच्या माणसांकडे जाते. एवढ्या शिकवलेल्या जनावरालाही वाटेत कोणी एकट्याने सांभाळत नाही.

हे शहाणपण आम्हांला उशिरा आले. निपाणीजवळच्या शेतावर आम्ही एक घोडी बाळगून होतो. एका दुपारी वस्तीवर कोणी नसताना तिला पाण्यावर नेत होतो. दावे हातातून निसटू नये म्हणून पंजाला दोन वेढे घेतले होते. रस्त्याने उसाची ट्रॉली गेली, तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद फडफडला आणि घोडी बुजली. वेढे आवळले. बांधापर्यंत आम्ही फरफटत गेलो. दोन बोटे मोडली, खांदा निखळला. मोबाईल गोठ्यात, खुंटीवरच्या सदऱ्यात होता. तासाभराने मेंढरे घेऊन एक धनगर आला. आम्हांला उठवून बसवीत तो म्हणाला, "पावणं, दावं हाताला गुंडाळायचं नसतंय, घडी घालून धरायचं." चूक घोडीची नव्हती.

तेव्हापासून काही नेम आम्ही पाळतो. घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. शेपटीच्या नेमके मागचे आणि कपाळाच्या अगदी पुढचे तेवढे दिसत नाही. म्हणून आधी आवाज द्यावा आणि डाव्या खांद्याच्या बाजूने जवळ जावे. घोड्याच्या मागून जाऊ नये, असे वडीलधारे सांगत त्याचे इंगित हेच. खोगीर चढविताना घोडा पोट फुगवितो. यास्तव चार पावले चालवून तंग पुन्हा आवळावा. रिकिबीत पायाचा चवडाच ठेवावा आणि जोडा टाचेचा असावा, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. शिरस्त्राणाचा संकोच नसावा. मोबाईल अंगावरच्या खिशात हवा; खोगिराला बांधला तर घोडा घरी पोहोचतो, त्याच्याबरोबर मोबाईलही, आणि आपण रानात राहतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्या वाटेने जातो आणि केव्हा परततो, हे एका तरी माणसाला सांगूनच निघावे. वेळ टळली तर शोध कोठून घ्यावा, हे त्याला ठाऊक असते.

पाठीला घोडा सवयीचा आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही. १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले. ज्या घराण्यात घोड्यावर बसणे बालपणीच शिकवीत, तेथे हे घडले.

आपल्या घराण्यांतून पागा आणि शिलेदारी यांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. त्यांत मोतद्दाराचे नाव क्वचितच येते. घोड्याशेजारी सदैव उभा असणारा तो दुसरा माणूस आज आपल्यापाशी नाही. त्याचे काम आता आपल्यालाच करावयाचे आहे. बोटे बरी झाली; थंडीत मात्र ती अजून दुखतात. दावे हाती घेताना आम्ही त्याची घडी घालतो आणि निघण्यापूर्वी घरात सांगतो, "तिन्हीसांजेला येतो."