किराईत, काढा आणि लाल मणी

भामरागडच्या जंगलात पावसाळ्यात किराईत, म्हणजे भुईनिंब, उगवतो. चव अशी की जिभेवरून लवकर उतरत नाही. इथे शिक्षक म्हणून सहा पावसाळे काढले. सर्दीतापावर हा काढा मीही पितो.

हीच वनस्पती चिनी वैद्यकात 'चुआन शिन लिएन'. तिच्यातल्या अँड्रोग्राफोलाइडपासून बनवलेलं इंजेक्शन चीनमध्ये मुलांच्या न्यूमोनियालाही देतात. वाचून आपल्या रानाचा अभिमानच वाटला. मग पुरावा शोधायला बसलो.

सर्दी-घशाला थोडा आराम पडतो, असं सांगणारे काही अभ्यास आहेत. फुप्फुसांचं मात्र वेगळं. 2021 साली थायलंडमध्ये कोविडच्या 57 रुग्णांवर प्रयोग झाला. अर्क घेतलेल्या 29 पैकी कुणालाच न्यूमोनिया झाला नाही, न घेतलेल्या 28 पैकी तिघांना झाला. पण आकडेमोड चुकली होती. नीट केल्यावर दिसलं की इतका फरक निव्वळ योगायोगानेही दहातून एकदा पडू शकतो. निबंध मागे घेतला गेला. तीन माणसांवर केवढा डोलारा!

भक्कम पुरावा आमच्याच जिल्ह्यात होता. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातली माणसं आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमोक्झॅझोल द्यायला शिकवलं. निष्कर्ष 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू 8.1, तुलनेच्या गावांत 17.5. अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मण्यांचं साधन केलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

गेल्या ऑगस्टमध्ये पर्लकोटा फुगलेली असताना शेजारच्या माडिया आजींचा दहा महिन्यांचा नातू खोकत होता. चुलीवर काढा. मी मोबाइल लावून श्वास मोजले: 64. या वयात 50 म्हणजेच धोका. बरगड्यांखाली खड्डाही पडत होता.

"गुरुजी, याच्या बापाला ह्याच काढ्यानं बरं वाटलं होतं."

वाटलं असणारच. बापाला कदाचित साधी सर्दी असेल. ते आता कोण सांगणार? काढ्याला नावं ठेवत बसलो असतो तर वाद झाला असता, आणि वेळ त्या पोराकडे नव्हता.

"आजी, काढा उतरवून ठेवा, आल्यावर बघू. आधी दवाखाना."

त्यांनी पोराला पदरात गुंडाळलं. ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मोजले: 38. आजी बाजूला बसून ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होत्या, माडियात.