बाबासाहेबांनी स्वच्छ व्हायला सांगितले, गोरे व्हायला नाही

त्वचा, हात, नखे, केस यांची निगा हा विषय चळवळीचा नाही, तो ब्युटी पार्लरचा आहे, असे आमच्या काही कार्यकर्त्या मित्रांना वाटते. आम्हाला हे अजिबात मान्य नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे स्पर्शाच्या नावाखाली गावाबाहेर ठेवले गेले, त्या समाजाची कातडी हा राजकीय विषय नाही, तर दुसरा कोणता आहे?

बाबासाहेबांना हे नेमके कळले होते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे जड दागिने सोडायला सांगितले, कारण त्यावरून दुरूनच जात ओळखू येत होती. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. तिच्या अध्यक्षा आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेतही बाबासाहेबांनी स्त्रियांना शिक्षणाबरोबर स्वच्छतेचा आग्रह धरला. पण लक्षात घ्या, त्यांनी स्वच्छ व्हायला सांगितले, गोरे व्हायला सांगितले नाही. या दोन गोष्टींतला फरक आज आमची पिढी विसरत चालली आहे.

विसरल्याची किंमत काय असते, ते अकोल्याने पाहिले आहे. अकोल्यातली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघीही स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेले गोरेपणाचे क्रीम लावत होत्या. 2022 मध्ये तिघींच्याही मूत्रपिंडांना आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्या क्रीममध्ये पारा सापडला. जानेवारी 2023 मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि आठवडाभरात लोक विसरले.

पारा करतो काय? त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याची क्रिया तो रोखतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो कातडीवर थांबत नाही. आत मुरतो, रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. मग लघवीला फेस येतो, पायांवर, डोळ्यांखाली सूज येते. वेळेत ओळखून क्रीम थांबवले तर बरेच रुग्ण सावरतात. भारतातल्या नियमाप्रमाणे साध्या सौंदर्यप्रसाधनात चुकून आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत 1 भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती कितीही 'हर्बल' म्हणवून घेत असली तरी घरात आणू नका.

दुसरी फसवणूक मेडिकलच्या काउंटरवर होते. गजकर्ण झाले, चेहऱ्यावर वांग आले, की पोरे दुकानदाराला विचारून ट्यूब आणतात. त्यात अनेकदा स्टेरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, रंगही उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, मुलींच्या चेहऱ्यावर केस वाढतात आणि गजकर्ण सगळ्या अंगभर पसरते. जिल्हा सामान्य रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. तिथे रांगेत उभे राहा, पण ही ट्यूब मनाने लावू नका.

आता थोडे कडू बोलतो. आम्ही अमरावती-अकोल्याच्या बौद्ध वधूवर परिचय मेळाव्यांत जातो. मंचावर बुद्धवंदना होते, पोटजाती मोडण्यावर भाषणे होतात, आणि खाली बायोडाटावर 'रंग : गोरा' किंवा 'निमगोरा' असा रकाना असतो. जो पोरगा फेसबुकवर मनुस्मृती दहनाचा फोटो टाकतो, त्याच्याच घरचे विचारतात, "पोरगी सावळी तर नाही ना?" 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली' कंपनीने नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. कंपनीला निदान नाव बदलावे लागले, आमचा रकाना मात्र तसाच आहे. आमची मुलगी पाऱ्याची डबी का उघडते, याचे अर्धे उत्तर त्या रकान्यात आहे.

मग खरी निगा कोणती? आमच्या वऱ्हाडात ती हातांपासून सुरू होते. कापूस वेचणीच्या दिवसांत सुकलेल्या बोंडांची टोके बोटांत रुततात, नखांच्या कडा सोलवटतात, थंडीत भेगा पडतात. आमच्या आयांचे हात आम्ही असेच पाहिले. घरी आल्यावर साबणाने हात धुवावेत आणि ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळावे, म्हणजे ओलावा टिकतो. टाचांनाही हेच, वर सुती मोजे. नखे आखूड ठेवावीत, कारण नखांखाली जंतांची अंडीही राहतात आणि फवारणीचे विषही. फवारणी केली असेल तर हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नंतर साबणाने आंघोळ. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले, हे विसरू नका. हातमोजे मागणे हा नखरा नाही, तो मजुराचा हक्क आहे.

केसांचा प्रश्न पाण्याशी जोडलेला आहे. पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, डोके खाजते. अशा ठिकाणी शेवटचे दोन तांबे तरी गोड्या पाण्याचे घ्यावेत, आधी तेल लावावे, ओले केस ओढून विंचरू नयेत, कंगवा घरात प्रत्येकाचा वेगळा असावा. पण ते गोडे पाणी वस्तीत येते का, हा प्रश्न ग्रामपंचायतीला विचारलाच पाहिजे. पाणी न देता एखाद्या वस्तीला 'घाणेरडी' म्हणणे, यालाच जातीयवाद म्हणतात. याच मातीतल्या गाडगेबाबांनी आधी झाडू हातात घेतला, मग कीर्तनात बोलले. स्वच्छतेचे काम कोणाच्या जातीला चिकटलेले नसते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

म्हणून कार्यकर्त्यांकडे आमच्या दोन मागण्या आहेत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिन्यातून एकदा वस्तीतल्या नर्सताईंना किंवा आशाताईंना अर्धा तास द्या. हात, नखे, कातडी आणि फसव्या क्रीम यांवर त्या बोलतील. आणि येत्या वधूवर मेळाव्याचा फॉर्म छापायला टाकण्याआधी त्यातला 'रंग' हा रकाना काढून टाका. त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

जयभीम!