तेरखेड्याची दारू

“तेरखेड्याला काय काढलंत?” एस. टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारले. “दारूसाठी चाललोय,” मी म्हणालो, आणि पुढच्या बाकावरची दोन पागोटी गर्रकन मागे वळली! शोभेची दारू, असा खुलासा केला तेव्हा कुठे मंडळी हसली. पण मी अर्धेच खरे बोललो होतो.

येरमाळा मागे पडले की सोलापूर-धुळे हमरस्त्यावर, वाशी तालुक्यात, हे गाव लागते. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे त्याला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. दिवाळीच्या तोंडावर रस्त्याकाठची दुकाने मालाने भरलेली असतात. अशाच एका दुकानात माझा मामेभाऊ कामाला आहे.

गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडून बाटली हिसकावून घेतली होती आणि मामींच्या देखत त्याला येडेश्वरीची शपथ घालायला लावली होती. त्याने शपथ पाळली. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, आणि रात्री त्याला झटका आला. “वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तोडू नये,” डॉक्टर म्हणाले. “जीव जातो. ते दिवस औषधांखालीच काढावे लागतात.” मी खाली मान घालून ऐकत होतो. एम. ए.च्या पदवीने मला उपदेश करायला शिकवले होते, विचारपूस करायला नव्हे!

व्यसनमुक्ती केंद्रात मात्र आधी विचारपूसच झाली. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक यादी आहे. किती वेळा पिता, सकाळी उठल्याबरोबर लागते काय, असे प्रश्न. गुण शून्य ते चाळीस. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने बारा ते एकोणीस गुणांच्या पुरुषांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकरवी आधार दिला. त्याचा गुण आला, हे 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वीस किंवा अधिक गुण पडले, तर व्यसन शरीरात मुरल्याची शंका धरून नीट तपासावे लागते. आमच्या स्वारीला पडले एकतीस!

आकड्याने रोग किती खोल ते कळले. वाट कळली पुढच्या प्रश्नांनी. झोप, कर्ज, काम, घर, मन, सगळे विचारले. शेजारच्या खाटेवरचा तरुण मित्रांच्या बैठकीत पिई. आमचा भाऊ पिई तो कर्जाच्या काळजीने झोप लागेना म्हणून. त्या तरुणाला बैठका टाळायला शिकवले, याच्या झोपेवर आणि उदासीवर उपचार झाले. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले, तेव्हापासून महाराष्ट्राला ठाऊक आहे की, व्यसनी माणूस आधी माणूस असतो. मला ते झटक्यानंतर कळले.

दुकानात त्याने मला एक वही दाखवली. रोज रात्री एक खूण. अकरा महिन्यांत एकच फुली, आखाडातली. “त्या दिवशी बाजाराचे पैसे हातात होते, दादा. केंद्रातल्या ताईंनी वही बघितली अन् म्हणाल्या, आता बाजार वहिनींनी करायचा.”

“आता कायमची सुटली ना?” माझ्यातला मास्तर बोललाच.

तो फुलबाज्यांची पेटी बांधत होता. “ते नका विचारू. आज रात्रीची खूण करू द्या.”

या खेपेला मी शपथ घातली नाही. पेटी उचलली आणि गाडी येईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिलो.