समुद्राकडे पाठ

देवगडच्या आमच्या घरात समुद्राबद्दल एकच नियम होता. पाण्यात असताना त्याच्याकडे पाठ करायची नाही. आजीने तो इतका घोटून घेतला की आजही घोटाभर पाण्यात उभी राहिले तरी तोंड आपसूक पश्चिमेकडे वळतं. बेचाळिसाव्या वर्षी सर्फिंग शिकायला निघाले, तेव्हाही तो नियम सोबत होताच.

डिसेंबरात कुर्ल्याहून मत्स्यगंधा पकडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलकीला उतरले. उडुपी आणि मंगळूरच्या मधलं हे गाव. कोकण रेल्वे इथून थोडं पुढे, ठोकूरला संपते. शांभवी नदी समुद्राला मिळण्याआधी किनाऱ्याला समांतर वाहते, आणि दोघांच्या मध्ये वाळूचा चिंचोळा पट्टा उरतो. देशातल्या अगदी सुरुवातीच्या सर्फिंग शाळांपैकी एक, मंत्रा सर्फ क्लब, 2004 साली याच गावात सुरू झाली.

शिकवणारा विशीतला मुलगा मोगवीर, मासेमारांच्या घरातला. मला तो ‘अक्का’ म्हणायचा. पहिला तासभर त्याने पाण्यात जाऊच दिलं नाही. वाळूत फळीचा आकार काढून त्यावर मला पालथं झोपवलं. हनुवटी वर, तळहात बरगड्यांपाशी, आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं राहायचं. मध्ये गुडघे टेकायचे नाहीत, ती सवय लागली की सुटत नाही. मग डोळे मिटायला सांगून मागून हलकेच ढकललं. तोल सावरायला उजवा पाय पुढे पडला. म्हणजे फळीवर डावा पाय मागे, आणि फळीची दोरी त्याच घोट्याला.

फळी नऊ फुटी, मऊ फोमची. सकाळी मतलई वारे लाटेला समोरून थोपवतात, त्यामुळे ती नीट उभी राहून फुटते. कमरेइतकी लाट साधारण छातीभर पाण्यात आली की कोसळते, आणि नवशिक्याने तिच्या पुढे धावणाऱ्या फेसातच शिकायचं असतं. आपल्या आणि लाटेच्या मध्ये फळी येऊ द्यायची नाही. पडताना सपाट पडायचं आणि वर येताना डोकं हातांनी झाकायचं.

त्याने सर्वात जास्त वेळ दिला तो ओढीला. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत दिसतो. अनोळखी माणूस नेमका तिथे उतरतो, आणि पाणी तिथूनच आत परत जात असतं. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. आपल्या कोकणातल्या प्रत्येक शाळेत हे शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. दर वर्षी पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वाचत मी मोठी झाले, पण हा शांत पट्टा मला कुणी कधी दाखवला नव्हता.

माझी खरी अडचण वेगळीच होती. फळीवर झोपलं की तोंड किनाऱ्याकडे आणि पाठ समुद्राकडे! उठताना मान मागे वळायची, वजन सरकायचं आणि फळी निसटायची. दोन दिवस हेच चाललं. शेवटी त्याला आजीचं सांगितलं. तो हसला नाही.

“आमची आईपण हेच सांगते, अक्का. आधी नीट बघून घ्या. मग पाठ करा, पण कान मागेच ठेवा.”

तिसऱ्या सकाळी ओहोटी लागली होती. एकदा वळून लाट पाहिली आणि मग नजर समोरच्या माडांवर लावली. मागे लाट फुटल्याचा आवाज आला, तो जवळ येत गेला, फळीची शेपटी उचलली गेली. दोन हात मारले आणि उठले. पायांखाली पाणी सळसळत होतं, माड जवळ येत होते, आणि मी मागे पाहिलं नाही. फळीखालचे पंख वाळूला लागेपर्यंत उभी होते. मग उतरले, फळी वळवली, आणि पश्चिमेकडे तोंड करून पुन्हा पाण्यात चालू लागले.