साक्षीला बोलावलेले

ओडोरिक नावाच्या इटालियन फ्रान्सिस्कन साधूने 1330 साली पादुआत आपल्या पूर्वेकडच्या प्रवासाची हकिगत तोंडी सांगितली आणि दुसऱ्याने ती लिहून घेतली. ठाण्यात मारल्या गेलेल्या चार धर्मप्रचारकांची कथा त्या हकिगतीत बरीच जागा अडवून बसली आहे. आग आहे, चमत्कार आहे, रात्रीच्या अंधारातली तलवार आहे. पण वाचताना ठेच लागते ती या सगळ्याच्या आधी, एका घरगुती भांडणापाशी. साल 1321. तोलेंतिनोचा तोमास, पादुआचा याकोब, सिएनाचा पिएत्रो आणि तिफ्लिसचा देमेत्रियस यांना होर्मुझहून कोल्लमला जायचं होतं. जहाजाने त्यांना मनाविरुद्ध ठाण्याला आणून टाकलं. तिथे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, त्यांतल्या एका घरी ते उतरले. एक दिवस त्या घरातल्या नवऱ्याने बायकोला मारलं. ती उठली आणि सरळ काझीकडे गेली. काझीने विचारलं, पुरावा काय? ती म्हणाली, घरात चार फिरंगी साधू होते, त्यांनी पाहिलंय, त्यांना विचारा.

इथपर्यंत हा मारहाणीचा साधा दावा आहे. पण तिथे अलेक्झांड्रियाचा कुणी एक जण बसला होता. त्याने सुचवलं की हे लोक विद्वान आहेत, बोलवाच त्यांना, धर्मावर वाद घालू. सामान सांभाळायला पिएत्रोला घरी ठेवून बाकीचे तिघे गेले. मारहाण राहिली बाजूला. ख्रिस्त देव कसा, हा प्रश्न झाला, आणि मग तो दुसरा प्रश्न आला: आमच्या पैगंबरांविषयी तुमचं मत काय? तोमासने जे उत्तर दिलं ते अपमानकारक होतं, आणि ते तसं आहे हे त्यालाही ठाऊक असणार. त्यांना सहा तास उन्हात बांधून ठेवलं, याकोबला दोनदा आगीत टाकलं. तो दोन्ही वेळा न जळता बाहेर आला असं ओडोरिक सांगतो. शहराच्या मलिकाने, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याने, त्यांना खाडीपलीकडे गुपचूप पोचवलंही होतं, पण काझीने त्याचं मन फिरवलं आणि रात्री मारेकरी गेले. सामान सांभाळणारा पिएत्रो नंतर सापडला, त्यालाही मारलं. परंपरा पहिल्या तिघांसाठी 9 एप्रिल ही तारीख धरते.

या कथेचा धडा म्हणून सहसा श्रद्धेसाठी मरण्याचं धैर्य पुढे केलं जातं. मराठीत तर शब्दच तिकडे ओढतो. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःला होमलं तो. त्या शब्दात आग आहे, आहुती आहे, पण त्या माणसाने काय पाहिलं होतं याचा पत्ता नाही. युरोपात या अर्थाने जो शब्द चालतो तो ग्रीकमधून आला, आणि ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. अरबीतही शहीद आणि शाहिद एकाच धातूचे, आणि शाहिद म्हणजे साक्ष देणारा. म्हणजे ठाण्याच्या त्या कचेरीत काझी आणि तोमास ज्या दोन परंपरांतून आले होते, त्या दोन्हींत मरणाऱ्याची थोरवी त्याच्या साक्षीवर उभी होती. तोमास खरा साक्षीदार होता तो एका बाईच्या पाठीवर पडलेल्या माराचा. त्या बाईने नाव घेऊनही ती साक्ष पुढे ना कुणी मागितली, ना कुणी दिली. छळाची सुरुवात आगीपासून झाली नाही, प्रश्न बदलला तेव्हाच झाली, असं मला म्हणायचं आहे. पाहिलेल्या गोष्टीविषयी न विचारता ‘तू कुणाचा?’ असं विचारलं, की त्या क्षणी साक्षीदाराचा आरोपी होतो.

यावर कुणी म्हणेल, तोमास काही निरागस नव्हता. त्याला गप्प बसता आलं असतं. खरं आहे. त्याचं उत्तर मला शौर्यापेक्षा उद्धटपणाचं वाटतं, आणि त्याची किंमत घरी सामान राखत बसलेल्या पिएत्रोनेही मोजली, हे जास्त खुपतं. देमेत्रियस भाषांचा जाणकार होता. बहुधा दुभाष्याचं काम त्याच्याकडेच असावं. दुसऱ्याचं वाक्य तिसऱ्याच्या भाषेत नेणाऱ्यालाही सुटका नव्हती. पण उत्तर उद्धट होतं म्हणून प्रश्न रास्त ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: ही कथा त्यांच्याच पंथाच्या माणसाने सांगितलेली, ती एकतर्फी असणारच. म्हणूनच तर तो भांडणाचा तपशील मोलाचा. संतचरित्र रचणाऱ्याला बायकोला मारणारा ख्रिस्ती यजमान कशाला हवा असेल? शिवाय ओडोरिकच सांगतो की दिल्लीच्या सुलतानाने ही बातमी कळल्यावर त्या मलिकाला बांधून आणवलं आणि मारलं, काझी पळून गेला. दोन धर्मांची लढाई रंगवायची असती तर हे वाक्य गाळणं सोपं होतं.

साक्षीदाराचा आरोपी होणं ठाण्यापुरतं किंवा त्या काळापुरतं नाही. आता विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीकडे वळू. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटिश एपिस्कोपल मिशन होतं. तिथे काम केलेले अ‍ॅलेक्स वूड पुढे नागपूरचे बिशप झाले आणि त्याच पदावर असताना 1937 साली वारले. धर्मप्रचारकाच्या छळाची कथा इथे शोधत बसलं तर फारसं काही हाती लागणार नाही. साक्षीदाराच्या छळाची शोधली तर गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या वाटेवर गाव लागेल तिथे थांबावं लागेल. रात्री बंदूकवाले येतात, भात मागतात. सकाळी दुसरे बंदूकवाले येतात आणि विचारतात, रात्री कोण आलं होतं, भात कुणी दिला? सांगितलं तर एक दिवस रस्त्याकडेला मृतदेह मिळतो आणि शेजारी पत्रक, त्यावर ‘खबऱ्या’. नाही सांगितलं तर ‘समर्थक’. दोन्ही शब्दांत त्या माणसाने काय पाहिलं ते कुठेच नाही, तो कुणाचा एवढंच आहे. कोर्टात उभा राहिलाच, तर तो आपल्या माडिया बोलीत बोलणार, दुभाषी ते मराठीत आणणार, टंकलेखक ते कागदावर आणणार. आणि भीतीने जबाब फिरवला तर वर्तमानपत्र त्याला फितूर साक्षीदार म्हणणार. फितूर हा शब्द आपण किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणाऱ्यासाठी वापरत आलो. घाबरलेल्या माणसाला तोच शब्द लावताना भाषेला काहीच वाटत नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. तीत ओळख बदलण्याची, दुसरीकडे वसवण्याची सोय आहे. मुंबईत ते जमेलही. तीस घरांच्या गावात, जिथे माणसाची ओळख म्हणजे त्याचं कुळ, त्याचा देव आणि त्याचं शेत, तिथे त्याची ओळख बदलायची म्हणजे नेमकं काय काढून घ्यायचं?

तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. ते साधू स्वतःहून समुद्र ओलांडून आले होते, धर्मासाठी मरण्याची त्यांची तयारी होती. गावकऱ्याने काहीच निवडलेलं नसतं. पण त्या घरात त्या दिवशी असणं साधूंनीही निवडलं नव्हतं. निवड पुढे आली, प्रश्न बदलल्यानंतर. आणि फरक उरतोच, तो स्मरणाचा. इथे 21 ऑक्टोबरला दोन स्मरणं एकाच दिवशी येतात: 1858 साली चांद्याला फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाके यांचं आणि, पोलीस स्मृतिदिन म्हणून, देशभरच्या मृत पोलिसांचं. नक्षलवाद्यांचाही शहीद सप्ताह आहे, 28 जुलैपासून. ज्याला ज्याला बाजू होती त्याला तारीख मिळाली. दोन बाजूंच्या मधे जो उभा होता त्याला कॅलेंडरात जागा देणं अवघड, कारण त्याच्या नावाने घोषणा कुणी द्यायची?

चौघांची हाडं ओडोरिकने ठाण्याहून उचलली आणि चीनमधल्या झैतूनपर्यंत नेली. तोमासला 1894 साली पोपने धन्य घोषित केलं. त्या बाईच्या दाव्याचा निकाल काय लागला, ती त्याच घरी परतली का, हे ओडोरिक सांगत नाही. तिचं नावही नाही. जागा अपुरी पडली असंही म्हणवत नाही. याच हकिगतीत तो ठाण्याच्या उंदरांविषयी लिहितो: कुत्र्याएवढे मोठे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, त्यांना कुत्रेच धरतात. घुशी असाव्यात.